मैदान लोकांचे, हिशेबाची वही कोणाची?

लोकसभेने ११ ऑगस्ट २०२५ रोजी आणि राज्यसभेने त्याच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयक संमत केले. क्रीडा संघटनांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात, कार्यकारिणीत खेळाडूंना स्थान असावे, तंट्यांचा निवाडा करण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण असावे, अशा कित्येक स्वागतार्ह तरतुदी त्यात आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश झालेला असल्याने भारतीय क्रिकेट नियामक मंडळही या कायद्याच्या कक्षेत येणार, अशी अपेक्षा होती आणि ती रास्त होती. परंतु माहितीच्या अधिकाराचे कलम येताच संसदेचा हात आखडला. मूळ विधेयकात सर्व मान्यताप्राप्त क्रीडा संघटना माहितीच्या अधिकाराच्या दृष्टीने सार्वजनिक प्राधिकरणे मानल्या होत्या. संमत झालेल्या मसुद्यात मात्र सरकारी अनुदान अथवा अर्थसाहाय्य घेणाऱ्या संघटनांपुरतेच, आणि तेही त्या पैशाच्या विनियोगापुरतेच, हे बंधन उरले. क्रिकेट मंडळ सरकारकडून अनुदान घेत नाही. सबब, देशातील सर्वांत श्रीमंत क्रीडा संस्थेला हिशेब विचारण्याचा अधिकार या देशाच्या नागरिकाला या कायद्याने मिळालेला नाही.

ही तडजोड एका साध्या युक्तिवादावर उभी आहे. जो सरकारचा पैसा घेत नाही, त्याने लोकांना हिशेब का द्यावा? युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. किराणा दुकानदाराची वही कोणी मागत नाही, मग मंडळाचीच का मागावी? पण अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की, सरकारने हातावर ठेवलेला रुपया आणि सरकारने घ्यायचा सोडून दिलेला रुपया यांत काहीच फरक नसतो. दोन्ही रुपये अखेर एकाच खिशातून जातात आणि तो खिसा करदात्याचा असतो. सवलत हे अनुदानाचेच दुसरे नाव आहे. हे एकदा मान्य केले, की क्रिकेट मंडळ आणि त्याच्या राज्य संघटना सरकारी पैसा घेत नाहीत हे विधान टिकत नाही.

पैसा आला कोठून?

क्रिकेटची श्रीमंती ही पुरातन गोष्ट नाही. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देव यांच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा मंडळाच्या तिजोरीत खेळाडूंना साजेसे बक्षीस देण्याइतकाही पैसा नव्हता. मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे, जे त्या वेळी केंद्रात मंत्रीही होते. अखेरीस लता मंगेशकर यांचा कार्यक्रम दिल्लीत योजण्यात आला आणि त्याच्या उत्पन्नातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देता आले. विश्वविजेत्यांचा सन्मान एका गायिकेच्या औदार्यातून झाला, ही घटना हृद्य खरी. पण संस्थेची आर्थिक कुवत काय होती, याचाही तो पुरावा आहे.

त्यानंतर दहाच वर्षांत चित्र पालटले. १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले, उपग्रह वाहिन्या आल्या, आणि सामन्यांचे प्रक्षेपण ही विकता येण्याजोगी वस्तू आहे हे क्रिकेटच्या धुरीणांच्या ध्यानात आले. तोवरची परिस्थिती किती उलटी होती, हे १९९३ च्या हिरो चषकाच्या वादावरून कळते. बंगाल क्रिकेट संघटनेकडून दूरदर्शनने सामन्यामागे ५ लाख रुपये तांत्रिक शुल्क मागितल्याचा उल्लेख त्या खटल्याच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे ज्याचा खेळ, त्यानेच तो दाखवण्याबद्दल पैसे मोजावयाचे! हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ च्या निकालाने प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारी मोडली, आणि त्याच निकालात न्या. पी. बी. सावंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचेही निःसंदिग्धपणे सांगितले. क्रिकेटच्या संघटनांनी निकालाचा पहिला भाग उचलला. दुसऱ्या भागाची आठवण त्यांना फारशी राहिली नाही.

पुढील हकीकत आकड्यांतच सांगितलेली बरी. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचे आठ संघ लिलावात ७२ कोटी डॉलरांहून अधिक रकमेला विकले गेले. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांचे या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क १६,३४७ कोटी ५० लाख रुपयांना गेले. २०२३ ते २०२७ या पुढील पाच वर्षांसाठी जून २०२२ मध्ये झालेल्या लिलावात हीच किंमत ४८,३९० कोटी रुपयांवर गेली. सामने धरले होते ४१०. म्हणजे एका सामन्याच्या प्रक्षेपणाची किंमत सुमारे ११८ कोटी रुपये. सामन्यामागे ५ लाख रुपये देण्यापासून ११८ कोटी रुपये घेण्यापर्यंतचे हे अंतर तीस वर्षांत कापले गेले.

यात मंडळाचे व्यापारी चातुर्य नाही, असे कोणी म्हणणार नाही. मात्र मिळालेला सर्व पैसा चातुर्याचाच नाही. अर्थशास्त्रात ‘खंड’ नावाची एक संकल्पना आहे. जमीन मोक्याच्या जागी असेल, तर मालकाने घाम गाळला नाही तरी तिला जादा उत्पन्न मिळते, कारण तशी दुसरी जमीन नसते. भारताच्या नावाने संघ निवडण्याचा अधिकार ही अशीच मोक्याची जागा आहे. दुसरे मंडळ काढून दुसरा भारतीय संघ उभा करण्याची मुभा कोणालाही नाही. २००७ मध्ये एका खाजगी माध्यमसमूहाने इंडियन क्रिकेट लीग सुरू केली, तेव्हा तिच्यात खेळणाऱ्यांवर मंडळाने बंदी घातली आणि ती लीग अल्पायुषी ठरली. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये मंडळाने आपल्या वर्चस्वाचा दुरुपयोग केल्याचा ठपका ठेवून ५२ कोटी २४ लाख रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द झाला, पण फेरसुनावणीनंतर २०१७ मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा बसवला. खंडाचे मूळ मक्तेदारीत असते आणि या मक्तेदारीचे मूळ ‘भारत’ या नावात आहे. ते नाव मंडळाने विकत घेतलेले नाही. ते शंभर कोटींहून अधिक लोकांचे आहे.

न घेतलेले अनुदान

आता सवलतींकडे वळावे. पहिली सवलत कराची. क्रिकेट मंडळ तमिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे आणि खेळाचा प्रसार हा धर्मादाय हेतू असल्याच्या आधारावर तिला दीर्घकाळ प्राप्तिकरातून सूट मिळत आली. प्रीमियर लीगचे युग सुरू झाल्यावर प्राप्तिकर खात्याने हरकत घेतली आणि वाद वर्षानुवर्षे चालला. २०२१ मध्ये प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने, स्पर्धा नफा देणारी झाली म्हणून मंडळाचा धर्मादाय हेतू संपत नाही, असे मत दिले. दुसरीकडे, अर्थराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार २०२१-२२ या वर्षात मंडळाचे उत्पन्न ७,६०६ कोटी, खर्च ३,०६४ कोटी आणि भरलेला प्राप्तिकर १,१५९ कोटी रुपये होता. कर भरला जातो, ही जमेची बाजू मानलीच पाहिजे. पण हेच आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. करापूर्वीचा वाढावा ४,५४२ कोटींचा आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाची अर्थसंकल्पातील सर्व तरतूद सुमारे २,५९६ कोटी रुपयांची होती. एका खेळाच्या एका संस्थेची वर्षाची शिल्लक ही देशातील सर्व खेळांसाठी असलेल्या सरकारी तरतुदीच्या पावणेदोन पट भरते. अशा संस्थेला ‘धर्मादाय’ हे विशेषण लावायचे असेल, तर तिने धर्म कोठे केला हे दाखवले पाहिजे.

दुसरी सवलत जमिनीची. मुंबईतील वानखेडे स्टेडियमचा जन्मच राजकारण आणि तिकिटे यांच्या संगमातून झाला. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. तिकिटांच्या वाटपावरून हा क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले. संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे त्या वेळी विधानसभेचेही अध्यक्ष होते. हाकेच्या अंतरावर शासनाच्या भाडेपट्ट्याच्या जागेवर नवे स्टेडियम उभे राहिले आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथे खेळलाही गेला. स्टेडियम विक्रमी वेळात बांधून झाले, याचे कौतुक तेव्हाही झाले आणि आजही होते. पण चर्चगेटसारख्या ठिकाणी अशी जागा एखाद्या कामगार वसाहतीतील कबड्डी मंडळाने मागितली असती, तर ती इतक्या तत्परतेने मिळाली असती काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

तिसरी सवलत बंदोबस्ताची. सामन्याच्या दिवशी शहरातील पोलीस स्टेडियमभोवती उभे राहतात आणि त्याचे शुल्क संघटनेने भरावे असा नियम आहे. महाराष्ट्र शासनाने जून २०२३ मध्ये हे दर घटवले, आणि ते २०११ पासून म्हणजे पूर्वलक्षी प्रभावाने घटवले. एका जनहित याचिकेवरून हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सुमारे १४ कोटी ८२ लाख रुपयांची थकबाकी का सोडली, असा सवाल न्यायालयाने २०२४ मध्ये शासनाला केला. शिक्षकाच्या पगारातील जादा गेलेली रक्कम दहा वर्षांनी व्याजासह वसूल करणारे सरकार, प्रेक्षकांकडून हजारो रुपयांची तिकिटे घेणाऱ्या संस्थेची बारा वर्षांची बाकी एका शासन निर्णयाने हलकी करते. याला अनुदान म्हणायचे नसेल, तर त्यासाठी निराळा शब्दकोश हवा.

चौथी सवलत पाण्याची, आणि ती २०१६ च्या उन्हाळ्यात सर्वांच्या डोळ्यांवर आली. मराठवाड्यात सलग दुष्काळ होता. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेण्याची पाळी आली. पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी पोहोचले. त्याच महिन्यात राज्यातील प्रीमियर लीगच्या सामन्यांसाठी खेळपट्ट्यांवर सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असे उच्च न्यायालयातील याचिकेत मांडले गेले. म्हणजे लातूरच्या तशा बारा फेऱ्या. न्यायालयाने १३ एप्रिल २०१६ रोजी, ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. सामने बाहेर गेल्याने दुष्काळ हटला नाही, हे खरे. राज्याच्या पाण्याचा मोठा वाटा उसाकडे जातो आणि त्यापुढे खेळपट्टीचे पाणी म्हणजे दर्यामें खसखस. पण पाणी कोणाला आधी, याचा निर्णय लोकांपुढे उघडपणे होण्यासाठी न्यायालयात जावे लागले, हा त्या प्रकरणाचा खरा धडा होता.

पक्ष वेगळे, पॅनेल एक

इतक्या सवलती एका खाजगी म्हणवणाऱ्या संस्थेला कशा मिळतात, याचे उत्तर संघटनांच्या पदाधिकाऱ्यांच्या यादीत सापडते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषवलेले तीन नेते, मनोहर जोशी, शरद पवार आणि विलासराव देशमुख, मुंबई क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. दिल्लीत अरुण जेटली, गुजरातेत नरेंद्र मोदी व त्यांच्यानंतर अमित शहा, जम्मू-काश्मीरमध्ये फारूख अब्दुल्ला हे त्या त्या राज्य संघटनेच्या अध्यक्षपदी होते. माधवराव शिंदे आणि शरद पवार मंडळाचेही अध्यक्ष झाले. पवारांनी पुढे २०१० ते २०१२ या काळात आंतरराष्ट्रीय परिषदेचेही अध्यक्षपद भूषवले. १ डिसेंबर २०२४ रोजी त्याच परिषदेच्या अध्यक्षपदी केंद्रीय गृहमंत्र्यांचे चिरंजीव जय शहा आले. संसदेत एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष क्रिकेटच्या सभागृहात मांडीला मांडी लावून बसतात.

या निवडणुकांत खेळाडूंचे काय होते, याचाही इतिहास मुंबईने पाहिला आहे. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड अशा दोन्ही भूमींवर मालिका जिंकून देणारे कर्णधार अजित वाडेकर २००१ मध्ये शरद पवारांकडून पराभूत झाले. लॉर्ड्सवर तीन शतके ठोकणारे दिलीप वेंगसरकर २०११ मध्ये विलासराव देशमुखांकडून हरले. १९८३ च्या विजेत्या संघातील संदीप पाटील ऑक्टोबर २०२२ मध्ये पवार-शेलार गटाचे उमेदवार अमोल काळे यांच्याकडून १५८ विरुद्ध १८३ मतांनी पराभूत झाले. ही शेवटची तारीख ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये राज्यातील सरकार उलथले होते, पक्ष फुटले होते, सभागृहात रणे माजली होती. पण क्रिकेटच्या मतपत्रिकेवर राष्ट्रवादी काँग्रेस आणि भारतीय जनता पक्ष यांचे नेते एकाच गटाचे धनी होते.

याचा अर्थ माजी खेळाडू अध्यक्ष झाला म्हणजे सारे सुधारेल, असा नाही. सौरव गांगुली, रॉजर बिन्नी, मिथुन मन्हास असे खेळाडू २०१९ पासून मंडळाच्या अध्यक्षपदी आले. हिशेबाची वही जेवढी बंद होती तेवढीच बंद राहिली. उत्तम फलंदाज हा उत्तम लेखापाल असतोच असे नाही. शिवाय राजकारण्यांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. स्टेडियमला जागा, वीज, रस्ता, परवाने मिळवायचे तर मंत्रालयात वजन असणारा माणूस लागतो, असे संघटनांचे कार्यकर्ते खाजगीत सांगतात आणि ते खोटे नाही. पण हाच तर रोग आहे. जे नियमाने सर्वांना मिळावयास हवे, ते ओळखीने एकालाच मिळते. मग ज्या खेळाला मंत्री लाभला नाही, त्या खेळाने काय करावे?

सर्वोच्च न्यायालयाने हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला, हे नमूद केले पाहिजे. २००५ मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी मंडळ हे घटनेच्या १२ व्या अनुच्छेदातील ‘राज्य’ नव्हे असे ठरवले असले, तरी मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते आणि उच्च न्यायालयात त्याला जाब विचारता येतो, हेही न्यायालयांनी मान्य केले. २०१३ च्या निकाल-निश्चिती प्रकरणानंतर न्या. राजेंद्रमल लोढा यांची समिती आली. मंत्र्यांना पदे नकोत, सत्तर वर्षांवरील पदाधिकारी नकोत, दोन कार्यकाळांमध्ये विराम हवा, एका राज्याला एकच मत हवे, अशा तिच्या शिफारशी जुलै २०१६ मध्ये न्यायालयाने बहुतांशी स्वीकारल्या. २ जानेवारी २०१७ रोजी मंडळाच्या अध्यक्षांना व सचिवांना पदच्युतही केले. मग हळूहळू गाठी सैल झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र मागे पडले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सक्तीच्या विरामाची अट सैलावून राज्य संघटना व मंडळ मिळून सलग बारा वर्षे पदावर राहण्याची वाट मोकळी झाली. विधी आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये मंडळ माहितीच्या अधिकाराखाली आणावे असे सुचवले, केंद्रीय माहिती आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तसा आदेशही दिला, आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या स्थगितीने तो अडला. अशा वेळी संसदेने स्पष्ट शब्दांत निर्णय घेण्याची गरज होती. तिने २०२५ मध्ये निर्णय घेतला, पण तो पळवाटेच्या बाजूचा.

वाढाव्याचे वाटप

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सरकारच्या हाताखालील खेळांची अवस्था काय आहे? २०२३ मध्ये नामवंत महिला कुस्तीगिरांना आपल्या महासंघाच्या अध्यक्षाविरुद्ध जंतरमंतरवर बसावे लागले. ते अध्यक्षही खासदारच होते. सरकारी अनुदानाने महासंघ स्वच्छ झाले असते, तर हे घडले नसते. मग क्रिकेटला सरकारी जोखडात का अडकवावे? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तरही त्यातच आहे. क्रिकेट सरकारने चालवावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. मालकी आणि उत्तरदायित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सहकारी बँक सरकारची नसते, तरी तिचे लेखापरीक्षण होते. खाजगी कंपनी भागधारकांची असते, तरी तिला ताळेबंद प्रसिद्ध करावा लागतो.

उघड्या हिशेबाने काय साधेल, हे महिला क्रिकेटच्या उदाहरणाने समजते. भारतीय महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि २००६ मध्ये ती मंडळात विलीन झाली. महिलांचा संघ २००५ आणि २०१७ मध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तरी महिलांची लीग चालणार नाही, तिला प्रेक्षक नाही, हे पालुपद सुरू राहिले. २०२३ मध्ये लीग सुरू झाली, तेव्हा पाच संघ ४,६६९ कोटी ९९ लाख रुपयांना विकले गेले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला आणि त्या संघात सांगलीची स्मृती मानधना व मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज होत्या. जी वस्तू बाजारात चालणार नाही असे सांगितले जात होते, तिची किंमत बाजाराने पहिल्याच लिलावात दाखवून दिली. मक्तेदाराला नवी वस्तू बाजारात आणण्याची घाई नसते. या अवधीत खेळून निवृत्त झालेल्या मुलींचे नुकसान मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पैसा खाली गेला, तर काय होते याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ज्या विदर्भाच्या संघाला एकेकाळी रणजी स्पर्धेत कोणी मोजत नसे, त्याने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीनदा ते विजेतेपद मिळवले. मैदाने, प्रशिक्षण आणि वयोगटांतील संघ यांवर सातत्याने खर्च केल्याशिवाय असे यश येत नाही. २०२१ पासून रणजी खेळाडूला सामन्याच्या दिवसाला ४० ते ६० हजार रुपये मिळू लागले, हीदेखील चांगलीच गोष्ट. एकेकाळी मुंबईचा रणजीपटू बँकेत किंवा कारखान्यात नोकरी करून, टाइम्स शील्डमध्ये त्या कचेरीकडून खेळून, पावसाळ्यात कांगा लीगच्या चिखलात उतरत असे. खेळाचा भार मालक आणि सार्वजनिक उद्योग वाहत होते. आता तो भार बाजार वाहतो. पण बाजार केवळ शिखर पाहतो, पायथा पाहत नाही.

पायथ्याची स्थिती शिक्षकांना सांगावयास नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिले आहे. शहरांतील कितीतरी शाळांची मुले गच्चीवर अथवा वाहनतळावर कवायत करतात. इतर खेळांतील गुणवत्ता कशी जगते, याचा नमुना कोल्हापूरने दोनदा दाखवला. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले, ही हकीकत तेथे आजही सांगितली जाते. त्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्रात यायला ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणारा नेमबाज स्वप्नील कुसळे हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. एकाला प्राध्यापकाच्या घराचा आधार मिळाला, दुसऱ्याला सरकारी नोकरीचा. व्यवस्थेचा आधार कोणालाच मिळाला नाही.

मागणी किती साधी!

या साऱ्यातून निघणारी मागणी क्रांतिकारक नाही. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पाबरोबर एक विवरणपत्र सादर करते. करसवलतींमुळे किती महसूल सोडून दिला, हे त्यात उद्योगवार दिलेले असते. ज्या न्यायाने कारखानदाराला दिलेली सवलत जनतेपुढे मांडली जाते, त्याच न्यायाने क्रीडा संघटनांना दिलेली जमीन, बंदोबस्त, करमाफी आणि पाणी यांचे मूल्य महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात दरवर्षी छापले जावे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. दुसरे, अशी कोणतीही सवलत घेणाऱ्या संघटनेस ‘अर्थसाहाय्य घेणारी संस्था’ मानावे, एवढी एका ओळीची दुरुस्ती २०२५ च्या कायद्यात करावी. अर्थसाहाय्य हा शब्द तेथे आहेच, त्याचा अर्थ प्रामाणिकपणे लावला म्हणजे झाले. तिसरे, भाडेपट्ट्याच्या जागेवरील स्टेडियमचा करार वाढवताना, जवळच्या शाळांना आठवड्यातून ठराविक दिवस मैदान उघडे राहील, अशी अट घालावी. जमीन शासनाची आहे. अट घालण्याचा अधिकारही शासनाचाच आहे.

या मागण्यांना विधानसभेत विरोध कोण करील, याचा अंदाज बांधणे अवघड नाही. प्रत्येक पक्षाचा कोणी ना कोणी नेता कोणत्या ना कोणत्या संघटनेत बसलेला आहे. म्हणूनच हा प्रश्न एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाला विचारला जाणार नाही. तो मतदारालाच विचारावा लागेल. सामन्याच्या दिवशी रांगेत उभा राहून तिकीट काढणारा, महिन्याची वर्गणी भरून सामना पाहणारा, आणि पगारातून कर कापून घेणारा माणूस एकच आहे. तिन्ही वाटांनी पैसा त्याचाच जातो. त्याला धावफलक मिनिटामिनिटाला दाखवला जातो. वर्षातून एकदा ताळेबंदही दाखवावा, इतकेच त्याचे मागणे आहे, आणि ते पुरे करण्यास कोणत्याही संस्थेची स्वायत्तता आड येत नाही.